बार्शी लाइटचा साहेब आणि हवाई छत्रीचे पट्टे

सोलापूर-लातूरकडून परप्रांती नोकरीस आलेल्या मंडळींची बैठक जमली की जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा विषय एकदा तरी निघतोच. अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणारी ती लहानशी गाडी, तिची सावकाश चाल, आषाढीच्या दिवसांत दारादांड्यांना लोंबकळणारे वारकरी यांच्या आठवणी सांगताना दिल्लीच्या थंडीतही माणसे उबेस येतात. लहानपणी कुर्डुवाडीहून त्या गाडीने आम्हीही प्रवास केला आहे. आता तेथील रूळ रुंद झाले, गाड्या वेगवान झाल्या. परंतु ती गाडी ज्याने घडविली त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उत्तरायुष्यात विमानातून उडी टाकावी लागणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी वाहिली, ही गोष्ट आमच्या बैठकीत कोणाच्याच कानी नव्हती. ती येथे सांगावी, असा आमचा विचार आहे.

कॅलथ्रॉपचा जन्म १८५७ चा. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी हे त्या वेळी भरभराटीचे व्यापारी गाव. पण मुख्य लोहमार्ग वीसएक मैल दूर राहिलेला. गावापर्यंत स्वस्तात गाडी न्यावयाची तर रूळ हलके हवेत, आणि रूळ हलके म्हटले की त्यांवर जड इंजिन चालणार नाही, अशी अडचण होती. कॅलथ्रॉपने त्यावर उपाय काढला. इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. एकूण भार कितीही असला तरी तो सर्व आसांवर सारखा वाटून द्यावयाचा. १८९७ साली गाडी सुरू झाली, आणि १९२७ पर्यंत तिचे फाटे एकीकडे लातूर व दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत पोहोचले. भार एके ठिकाणी साचू न देता वाटून द्यावा, हे तिचे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हवाई छत्रीचा इतिहास सांगणारे लोक बहुधा कापडाचाच इतिहास सांगतात. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-झाक गार्नरॅं याने पॅरिसच्या माँसो उद्यानावर बलून सोडून रेशमी छत्रीच्या साह्याने भूमी गाठली. पण तो छत्रीखाली टांगलेल्या टोपलीत उभा होता. टोपलीतील माणसास पट्ट्यांची गरज नसते. ती गरज विमानाने निर्माण केली. भरधाव, कलंडत्या, कदाचित पेटलेल्या यंत्रातून माणसाने एकट्याने बाहेर पडावयाचे, म्हणजे छत्री आणि देह यांचा सांधा पक्का हवा. घोड्याच्या अंगावर चढवितात तसा हा पट्ट्यांचा साज माणसाच्या अंगावर आला. इंग्रजीत त्यास हार्नेस म्हणतात. उडीचे सारे यशापयश त्या साजावर लोंबकळत असते. परंतु कौतुक होते ते वर फुललेल्या कापडाचे.

१२ जुलै १९१० रोजी इंग्लंडमधील बोर्नमथ येथे विमानांच्या स्पर्धेत चार्ल्स रोल्स याचे विमान मोडून पडले आणि तो जागीच ठार झाला. रोल्स-रॉइस या मोटारींच्या जोडनावातील रोल्स तो हाच. कॅलथ्रॉप त्याचा मित्र. या मृत्यूने तो अस्वस्थ झाला आणि वैमानिकासाठी छत्री करण्याच्या नादास लागला. १९१३ साली त्याने पहिले पेटंट घेतले. आपल्या छत्रीस त्याने ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखा देवदूत, असे नाव दिले. तिची रचना अशी की घडी केलेले कापड विमानाच्या पोटाखाली एका डब्यात बसविलेले असे. वैमानिक अंगावर पट्ट्यांचा साज घालून बसे आणि साज व छत्री यांना एक दोर जोडी. त्याने उडी टाकली की त्याच्याच वजनाने कापड बाहेर ओढले जाऊन फुले. थोड्या उंचीवरही ती उघडे, हा तिचा मोठा गुण.

१९१५ साली, महायुद्ध ऐन भरात असता, कॅलथ्रॉपने ही छत्री ब्रिटिश उड्डाणदलास देऊ केली. ती नाकारण्यात आली. जानेवारी १९१७ मध्ये क्लाइव्ह कॉलेट या वैमानिकाने ऑर्फर्डनेस येथे सुमारे ६०० फुटांवरून चालत्या विमानातून यशस्वी उडी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेजर ऑर्ड-लीस याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी टाकून ही छत्री किती थोड्या उंचीवर उघडते ते सर्वांसमक्ष दाखविले. तरीही निर्णय होईना. वजन वाढते, जागा अडते, खात्री पुरेशी नाही, अशी कारणे दिली जात. छत्री मिळाल्यास वैमानिक वेळेआधीच विमान सोडतील अशी शंकाही होती, असे पुढे सांगण्यात आले. दोराने बांधलेल्या निरीक्षण-बलूनांतील माणसांना मात्र छत्र्या मिळत होत्या. ब्रिटिश वैमानिकांसाठी छत्र्या पुरविण्याचे ठरले तेव्हा १९१८ चा सप्टेंबर उजाडला होता. युद्ध संपावयास दोन महिने उरले होते.

हे वाचताना आम्ही थबकलो. टिपणे लिहिणे, शेरे मारणे, ‘अधिक माहिती मागवावी’ असे नमूद करून कागद पुढे सरकविणे हाच आमचा नित्याचा व्यवसाय. त्या लंडनच्या कचेरीतील माणसे आमच्याहून दुष्ट होती असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने रास्त शंका काढली असेल. तथापि त्या रास्त शंकांच्या काळात जळत्या विमानांतून माणसे छत्रीवाचून पडत होती.

जर्मन वैमानिकांस १९१८ मध्ये छत्र्या मिळाल्या, आणि पट्ट्यांचा प्रश्न किती गंभीर आहे तेही तेथेच दिसले. २९ जून १९१८ रोजी एर्न्स्ट उडेट याने निकामी विमानातून उडी घेतली, तो त्याचा साज विमानाच्या सुकाणूत अडकला. विमानाबरोबर तो खाली खेचला जाऊ लागला. सुकाणूचा तुकडा मोडून त्याने स्वतःस सोडविले आणि छत्री जमिनीपासून जेमतेम अडीचशे फुटांवर उघडली. माणूस छत्रीस बांधलेला असणे आवश्यक. पण तो विमानास बांधलेला राहिला तर तेच बंधन प्राणघातक. गार्डियन एंजलचे दुबळेपणही येथेच होते. तिचे कापड विमानाजवळ राही, त्यामुळे गरगरणाऱ्या विमानात दोर गुंतण्याची भीती असे.

हे बंधन अमेरिकेत सुटले. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायोतील मॅक्कुक फील्ड येथे लेस्ली आयर्विन याने पाठीवर बांधलेली छत्री घेऊन उडी मारली आणि विमानापासून दूर गेल्यावर स्वतःच्या हाताने दोरी ओढून ती उघडली. उतरताना त्याचा घोटा मोडला, पण पद्धत सिद्ध झाली. अशा छत्रीच्या साजात एका खांद्यावरून निघालेला मुख्य पट्टा बैठकीखालून वळून दुसऱ्या खांद्यापर्यंत जातो, म्हणजे माणूस झोपाळ्यात बसावा तसा त्यात बसतो. छत्री उघडताच बसणारा हिसका देहाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. तो एकट्या छातीवर वा काखेत आला तर हाडे मोडतील. म्हणून खांदे, छाती, मांड्या आणि बैठक यांवर तो विभागावा लागतो. कॅलथ्रॉपच्या पाच टनी आसाची आठवण आम्हांस येथे झाली. मांडीचा एक पट्टा सैल राहिला तर हा सारा हिशेब कोलमडतो.

त्याच मॅक्कुक फील्डवरील हॅरल्ड हॅरिस या लेफ्टनंटाचे विमान २० ऑक्टोबर १९२२ रोजी हवेत खिळखिळे झाले. त्याने उडी घेतली आणि मूठ ओढली. छत्री उघडेना. पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. तो ओढत होता ती मांडीच्या पट्ट्याची कडी होती! खरी मूठ सापडली आणि तो डेटन शहरातील एका द्राक्षाच्या मांडवावर उतरला. संकटात हात स्वतःच्या अंगावरही चुकतो. म्हणून मूठ कोठे असावी, ती हातास वेगळी कशी लागावी, याचा विचार शांतपणी जमिनीवरच व्हावा लागतो.

पुढचा प्रश्न सुटकेचा. जमिनीवर वारा छत्रीस फरफटत नेतो. पाण्यात ओले कापड माणसास बुडविते. तेथे साज क्षणात निघाला पाहिजे, पण हवेत तो चुकूनही निघता कामा नये. यावर छातीवरील एक चकती योजण्यात आली. ती आधी फिरवावयाची व मग तीवर ठोसा मारावयाचा, म्हणजे सर्व पट्टे एकदम सुटतात. दोन वेगळ्या क्रिया ठेवल्याने अपघाताने सुटण्याची भीती कमी झाली. हौशी उडीबाजांपुढे तिसराच पेच होता. मुख्य छत्री बिघडली तर ती टाकून दिल्याखेरीज राखीव छत्री उघडण्यात धोका, कारण दोन्ही एकमेकींत गुंतावयाच्या. १९७० नंतरच्या दशकात बिल बूथ या अमेरिकन गृहस्थाने एकीत एक अडकविलेल्या तीन कड्यांची युक्ती काढली. प्रत्येक कडी पुढच्या कडीवरचा ताण उतरवीत जाते आणि अखेरीस सारा भार एका लहानशा दोरीच्या फाशावर, तोही अगदी थोडा, येऊन ठेपतो. फाशातील तार ओढली की मुख्य छत्री निघून जाते. भार वाटण्याचे तत्त्व येथे पुन्हा भेटते.

आमच्या देशात सैनिकी उड्यांचा आरंभ १९४१ चा. दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर, म्हणजे आजच्या सफदरजंगला, हवाई सैनिकांची शाळा निघाली. त्या वाटेने कचेरीत जाणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांस हे ठाऊक असेल? १५ ऑक्टोबर १९४१ रोजी कराची येथे लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार-मेजर मथुरा सिंग यांनी हिंदी सैनिकांतील पहिल्या उड्या घेतल्या. त्या काळच्या ब्रिटिश रिवाजाप्रमाणे राखीव छत्री नसे. जे काही होते ते एकच कापड आणि एकच साज. पुढे ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगला देशातील टांगाईल येथे पॅराशूट रेजिमेंटची जी दुसरी पलटण उतरली, ती मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. त्या दुपारी शत्रूच्या भूमीवर उतरलेल्या प्रत्येक जवानाचा भरवसा, न पाहिलेल्या कोणा घडी घालणाऱ्याच्या हातांवर होता.

छत्रीची घडी घालणारा मनुष्य प्रत्येक वेळी तिच्या नोंदपत्रावर तारीख घालून सही करतो. आम्हीही दिवसभर सह्या करतो. त्याची सही उद्या कोणाच्या तरी देहाचा भार पेलणार असते, हे त्यास ठाऊक असते. आमच्या सहीखाली कोण लोंबकळत आहे ते आम्हांस बहुधा दिसत नाही. कॅलथ्रॉप १९२७ साली वारला. त्याच वर्षी त्याची गाडी मिरजेस पोहोचली. त्याची छत्री वेळेवर स्वीकारली गेली असती तर किती वैमानिक घरी परतले असते, हा हिशेब आता कोणी मांडू शकणार नाही. उद्या सकाळी टेबलावरचा कागद पुढे सरकविण्यापूर्वी तो एकदा नीट वाचावा, एवढे मात्र आम्ही मनाशी ठरविले आहे.