गॅलप यांची मोजणी : वाचकांपासून मतदारांपर्यंत

अमेरिकेच्या जॉर्ज गॅलप यांचे नाव निवडणुकीच्या अंदाजांशी जोडले गेले असले, तरी त्यांचा मूळ अभ्यास वर्तमानपत्राच्या वाचकांचा होता. वर्तमानपत्रातले नेमके काय वाचले जाते, हे शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी १९२८ साली आयोवा विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. काय वाचता असे नुसते विचारले, तर माणूस चारचौघांत शोभेल असेच उत्तर देतो. म्हणून वाचकापुढे अंक उघडायचा, एकेक पान उलटायचे आणि त्याने खरोखर वाचलेल्या मजकुरावर खूण करायची, अशी गॅलप यांची रीत होती. अग्रलेखापेक्षा चित्रकथांना वाचक जास्त, हा निष्कर्ष काही संपादकांना गोड लागण्यासारखा नव्हता.

१९३५ मध्ये त्यांनी लोकमत चाचण्यांची संस्था काढली. पुढच्याच वर्षी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाशी त्यांची गाठ पडली. १९१६ पासूनच्या पाचही अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांत या साप्ताहिकाचा कौल खरा ठरला होता. १९३६ मध्ये त्याने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांत रिपब्लिकन उमेदवार लँडन यांच्या बाजूने ५७ टक्के कौल पडला. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली ती डेमोक्रॅट उमेदवार रूझवेल्ट यांनी.

मतपत्रिकांसाठीचे पत्ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीत होरपळलेला गरीब मतदार त्यांत फारसा नव्हता. दोष बहुतेकदा या याद्यांनाच दिला जातो. पण मतपत्रिका परत न पाठवणारे तीन चतुर्थांश लोकही तितकेच महत्त्वाचे होते. गॅलप यांनी त्यामानाने अगदी थोड्या लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला. रूझवेल्ट यांची मते मात्र त्यांनाही बरीच कमी दिसली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

अंदाजातली ही कसर १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत महागात पडली. गॅलप यांच्या पद्धतीत वय, उत्पन्न, स्त्री-पुरुष यांचे प्रमाण ठरवून दिले, की त्या चौकटीत कोणाला गाठायचे हे चाचणीदार आपल्या सोयीने ठरवत. शिवाय मतदानाच्या बऱ्याच आधी विचारपूस थांबवली गेली. रिपब्लिकन उमेदवार ड्यूई जिंकणार असे सांगितले गेले आणि डेमोक्रॅट ट्रूमन निवडून आले. त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, यदृच्छेने माणसे निवडण्याच्या पद्धतीकडे हा व्यवसाय वळला.

कोणाला मत देणार, यापलीकडचा प्रश्न १९७३ पासून गॅलपच्या चाचण्यांत नियमित आला : चर्च, लष्कर, काँग्रेस (अमेरिकी संसद), वृत्तपत्रे यांवर तुमचा कितपत विश्वास आहे? वृत्तपत्रांवर बऱ्यापैकी किंवा पुष्कळ विश्वास असल्याचे तेव्हा ३९ टक्के अमेरिकनांनी सांगितले होते. २०२२ मध्ये तसे सांगणारे १६ टक्के उरले.