पुरवणी मागण्यांचे अरुंद दार

सरकारी खर्चावर मत देण्याचा हक्क आपल्याकडे फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. १८६० साली जेम्स विल्सन यांनी कलकत्त्यात पहिला अर्थसंकल्प मांडला, तेव्हा त्यावर बोलायला लोकांनी निवडून दिलेला एकही भारतीय नव्हता. १८९२ च्या कायद्याने चर्चेची मुभा दिली, मतदानाची नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे २६ मार्च १९०२ चे भाषण या तोकड्या मुभेतलेच. दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेऊन तिजोरीत शिल्लक दाखवली जाते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला खरा, पण तो उतरवायचा की नाही हे सरकारच ठरवत होते. १९१९ च्या कायद्याने मागण्यांवर मतदान आले. तरी सभागृहाने नाकारलेले पुन्हा बहाल करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलने आपल्याकडेच ठेवला आणि १९२४ मध्ये फेटाळल्या गेलेल्या वित्त विधेयकाच्या बाबतीत तो वापरलाही.

हा इतिहास ध्यानात घेतला की राज्यघटनेतल्या तरतुदींचे मोल कळते. १९३५ च्या कायद्यात मंजूर खर्चाच्या यादीवर गव्हर्नरची सही पुरेशी होती. घटनाकारांनी त्या जागी विनियोजन कायदा आणला, म्हणजे सभागृहाच्या कायद्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येऊ नये. वर्षाच्या मध्ये गरज पडली तर संसदेसाठी अनुच्छेद ११५ आणि राज्यांसाठी अनुच्छेद २०५ आहे. मंजूर रक्कम अपुरी ठरली, किंवा अर्थसंकल्पात न धरलेल्या नव्या बाबीवर खर्च करावा लागला, तर पुरवणी मागणी. ही वाट अपवादाची आहे, असे मानूनच चर्चेचे नियम घडले. लोकसभेच्या नियम २१६ नुसार पुरवणी मागण्यांवरील चर्चा त्यातल्या बाबींपुरतीच ठेवायची. मूळ अनुदानावर किंवा त्यामागच्या धोरणावर त्या बाबी समजावण्यापुरतेच बोलता येते. विधानसभांचे नियमही याच वळणाचे आहेत. रक्कम किरकोळ असेल तर ही मर्यादा रास्त आहे. रक्कम अवाढव्य झाली की हीच मर्यादा सभागृहाचे तोंड बांधते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

महाराष्ट्रात २८ जून २०२४ रोजी सुमारे ६ लाख १२ हजार कोटी रुपयांचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ९ जुलैला, ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. म्हणजे मूळ आकड्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना अर्थसंकल्पीय भाषणातच जाहीर झाली होती, पण तिच्यासाठीची मोठी तरतूद या पुरवणीत आली. योजना चांगली की वाईट, हा इथे प्रश्नच नाही. जे भाषणात ठाऊक होते, ते अकरा दिवसांत अनपेक्षित कसे ठरले? यावर सांगितले जाते की एकूण आकडा फसवा असतो. त्यात केंद्राकडून येणारे पैसे आणि हिशेबी समायोजन असते, तिजोरीवरचा निव्वळ भार कमी असतो. हे खरे आहे, आणि निव्वळ भाराचा आकडा वेगळा सांगितलाही जातो. पण खर्चाची परवानगी सभागृह संपूर्ण रकमेची देते, निव्वळ भाराची नाही. दुसरा युक्तिवाद अवर्षणाचा आणि पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, तशी संकटे आधी सांगून येत नाहीत, हे कोण नाकारेल? मात्र तातडीच्या अनपेक्षित खर्चासाठीच अनुच्छेद २६७ खाली आकस्मिकता निधी आहे. त्यातून उचललेली रक्कम नंतर पुरवणीने भरून काढायची, ही व्यवस्था सुज्ञ आहे. आपत्तीचे नाव घेऊन नियमित योजनांचे पैसे त्याच दारातून नेणे हे मात्र त्या व्यवस्थेत बसत नाही.

महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तावरील अहवालांत एक निरीक्षण पुन्हा पुन्हा येते: काही खात्यांचा वर्षअखेरचा खर्च मूळ तरतुदीइतकाही होत नाही, तरी मध्ये पुरवणी मंजूर झालेली असते. लोकलेखा समिती हे तपासते, पण पैसा खर्च होऊन काही वर्षे उलटल्यावर. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या अनुदानाच्या मागण्यांची छाननी करतात, परंतु पुरवणी मागण्या त्यांच्याकडे जात नाहीत. निदान विधिमंडळाने दोन गोष्टी कराव्यात. खात्याने मागणी करताना मूळ तरतुदीतला त्या दिवसापर्यंतचा खर्च तिच्याशेजारीच छापावा, आणि मागण्यांची बेरीज मूळ अर्थसंकल्पाच्या ठरावीक हिश्श्यापुढे गेली की धोरणावर बोलण्याची मनाई आपोआप उठावी.