बॉयलरचा पावसाळा

मार्च-एप्रिलच्या सुमारास उसाचे फड मोकळे होतात, शेवटची गाडी रिकामी होते आणि बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गाळप थांबते. धुराडे निवते. बाहेरच्या माणसास वाटते की कारखाना आता दसऱ्यापर्यंत निजला. वस्तुतः त्यातील एका खात्याचे खरे काम तेव्हाच सुरू होते. हंगामभर अहोरात्र धगधगलेला बॉयलर घाई न करता निवू द्यावयाचा, त्यातील पाणी सोडून द्यावयाचे, मॅनहोलचे झाकण काढावयाचे. आणि आतली कोंदट हवा जाऊन मोकळी हवा खेळू लागली म्हणजे दिवा व हातोडी घेऊन एका माणसाने त्या भोकातून सरपटत आत शिरावयाचे. कोशकारांनी या यंत्राला ‘बाष्पित्र’ असे भारदस्त नाव दिले आहे. पण ज्याला आत शिरावे लागते तो त्यास बॉयलरच म्हणतो, आणि येथेही तोच शब्द पुरेसा आहे.

निपाणी, संकेश्वर, चिकोडी या टापूला उसाचा रस आटविण्याची विद्या नवी नव्हती. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर काहील चढवावी, गाळून उरलेले चिपाडच खाली जाळावे आणि गुळव्याने नुसत्या नजरेने पाकाची पारख करावी, हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. त्यातही भाजण्याचा धोका होताच; परंतु काहील उघडी असते. तिच्यातील वाफ आभाळात जाते. काहील फुटलीच तर रस वाया जातो आणि चुलवाण विझते. बॉयलरमध्ये हीच वाफ कोंडलेली असते, आणि सारा फरक त्या कोंडण्यात आहे. उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांवर उकळते. चौरस इंचास शंभर पौंडांच्या दाबाखाली तेच पाणी सुमारे एकशे सत्तर अंशांपर्यंत तापूनही पाणीच राहते. मात्र पत्रा फाटला की त्या पाण्याचा मोठा अंश एका क्षणात वाफ होऊ पाहतो. आणि मोकळ्या हवेत एक शेर पाण्याची वाफ सोळाशे शेरांहून अधिक जागा व्यापते. इमारती पाडणारा स्फोट होतो तो यामुळे. त्यास दारू लागत नाही.

या मुलखात कोंडलेल्या वाफेचा मोठ्या प्रमाणावर परिचय झाला तो आगगाडीमुळे. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि १८९० पर्यंत पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा मीटरगेज मार्ग तयार झाला. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे तो गोव्यातील मुरगाव बंदराला जोडला गेला होता. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर हा फाटा सुरू झाला. निपाणीला रूळ कधीच आले नाहीत. तेथील तंबाखूला कोल्हापूर किंवा चिकोडी रोड स्टेशनापर्यंत बैलगाडीचाच आधार होता. तंबाखूला वाफेची गरजही नव्हती म्हणा; उन्हानेच तिचे काम होत असे.

त्याच काळात गोकाक येथे निराळाच मार्ग स्वीकारला गेला. १८८५ साली स्थापन झालेल्या कंपनीने धबधब्याशेजारी कापसाची गिरणी उभारली आणि १८८७ पासून ती घटप्रभेच्या पाण्यावर चालविली. सुमारे १७० फुटांवरून कोसळणारे पाणी दाराशी असताना दूरदेशीचा कोळसा आणून जाळण्यात हशील नव्हते. जिल्ह्यातील पहिली मोठी गिरणी वाफेला वळसा घालून गेली, ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. बेळगावच्या आसपास वाफ म्हणजे प्रथम आगगाडीचे इंजिन आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी साखरेचा कारखाना, असा क्रम लागतो.

आगगाडीच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते, आणि त्याचे आयुष्य ठरते ते पाण्यानेच. सह्याद्रीच्या माथ्यावर, कॅसलरॉककडे, पावसाचे मऊ पाणी मिळते. तेथून मिरजेकडे जावे तसतसा पाऊस कमी होतो, काळी जमीन लागते आणि विहिरींचे पाणी जड होत जाते. जड पाण्यातील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर पत्र्यावर व नळ्यांवर बसतात. त्यांचा दगडासारखा थर तयार होतो. या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच मंद वाहते. एकीकडे आग, दुसरीकडे पाणी आणि मध्ये हा दगड, अशी स्थिती झाली की पाणी पत्र्याला थंड ठेवू शकत नाही. पत्रा लाल होतो, मऊ पडतो, फुगतो. कोळसा जास्त जळतो तो वेगळाच. घरात ज्या पातेल्यात रोज पाणी तापते त्याच्या तळाशी बसणारी पांढरी खपली पाहिलेल्या गृहिणीस हा विषय निराळा समजावून सांगण्याची जरूर नाही.

यासाठी शेडमध्ये ठराविक दिवसांनी इंजिन थंड करून धुतले जाई. बॉयलरच्या कोपऱ्याकोपऱ्यांतील बुचे काढून आत जोराने पाणी मारीत, लांब सळ्यांनी गाळ ओढून काढीत. हे काम करणाऱ्या खलाशांचे हातपाय चिखलाने माखलेले असत, आणि स्टेशनावर शिट्टी ऐकून रुमाल हलविणाऱ्या उतारूंच्या ते खिजगणतीतही नसत. अग्निपेटीच्या आतल्या व बाहेरच्या भिंती शेकडो लहान दांड्यांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. बॉयलर पाहणारा मनुष्य या दांड्यांवर एकेक करून हातोडी मारतो. धड दांडीचा नाद खणखणीत, तुटलेलीचा बद्द. कित्येक दांड्यांच्या टोकाला बारीक छिद्र मुद्दाम पाडलेले असते. दांडी मध्ये तडकली तर त्या छिद्रातून पाणी पाझरते व दोष आपण होऊन बोलू लागतो. तरीही अनुभवी कारागीर छिद्रापेक्षा आपल्या कानावर अधिक विसंबे. असा कान तयार व्हावयास वर्षे जातात.

पत्र्याच्या दुबळेपणाहूनही मोठा शत्रू म्हणजे पाण्याची उणीव. अग्निपेटीचे छत नेहमी पाण्याखाली राहिले पाहिजे. पाण्याची पातळी काचेच्या नळीत दिसते. पण नळीची वाट गाळाने चोंदली तर काच खोटे बोलते. म्हणून तोट्या उघडून ती वरचेवर झाडून पाहावयाची असते. छताला शिशाचे बूच बसविलेले असते. पाणी उतरून छत उघडे पडले की शिसे वितळते व वाफ आगीवर फुसांडत येऊन इशारा देते. पातळी काचेतून नाहीशी झालेली दिसली तर घाबरून गार पाणी आत घेणे हा सर्वांत घातक उपाय होय. आग ओढून काढावी, पाणी घेऊ नये, हा धडा नवख्या फायरमनला पहिल्याच दिवसांत घोकविला जाई, कारण मनुष्याचा स्वभाव नेमका उलट सांगतो.

एवढी काळजी प्रत्येक मालक आपखुशीने घेता तर कायद्याची गरज पडली नसती. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलरचा भयंकर स्फोट होऊन अनेक माणसे प्राणास मुकली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी त्याचे अनुकरण केले खरे, पण प्रत्येकाने आपापल्या परीने. परिणामी देशात सात निरनिराळे कायदे व तितक्याच नियमावल्या नांदू लागल्या. पोलाद तेच, पाणी तेच, वाफ तीच. पण प्रांताची वेस ओलांडली की नियम दुसरा! एका बाजूस पोर्तुगीज गोवा आणि भोवती संस्थानांची ठिगळे अशा बेळगावसारख्या जिल्ह्याला वेशींचे हे प्रकरण चांगलेच परिचयाचे होते. अखेर १९२३ साली ब्रिटिश हिंदुस्थानापुरता एकच बॉयलर कायदा झाला व १ जानेवारी १९२४ पासून तो अमलात आला.

या कायद्याची मूळ व्याख्या पाच गॅलनांहून मोठ्या बंद भांड्यापासून सुरू होत असे. प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः बारा महिन्यांची. अपघात झाल्यास चोवीस तासांत लेखी कळवावयाचे, आणि मुख्य तपासनिसाच्या लेखी मंजुरीवाचून बॉयलरच्या रचनेत फेरफार किंवा दुरुस्ती करावयाची नाही. या शेवटच्या कलमाचे महत्त्व कारागिरास सर्वांत आधी कळते. चिरेवर ठिगळ मारून हंगाम पार पाडू, असा मोह प्रत्येक कारखान्यात एखाद्या रात्री होतोच. आणि ठिगळाखालची चीर वाढताना कोणास दिसत नाही.

शिरगावकर बंधूंचा उगार शुगर वर्क्स १९३९ साली, म्हणजे या कायद्याच्या अमलात, स्थापन झाला. त्याचे गाव उगार खुर्द हे मिरज-बेळगाव लोहमार्गावरचेच. पुढे संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ असे सहकारी कारखाने निघाले, आणि गुऱ्हाळातील चिपाड ‘बगॅस’ या नव्या नावाने मोठ्या भट्टीत जाऊ लागले. इंधन घरचेच राहिले, पण दुखणी नवी आली. बगॅसमध्ये जवळजवळ निम्मा ओलावा असतो. भट्टी ढिली पडली की ते जळत नाही, साचते. त्याची राख नळ्यांवर चिकटते. सर्वांत कावेबाज दुखणे मात्र गोडीचे आहे. रस आटविताना वाफेचे जे पाणी होते ते स्वच्छ म्हणून पुन्हा बॉयलरला देतात. एखादी नळी गळून त्यात साखरेचा अंश मिसळला तर बॉयलरच्या उष्णतेत तिचे आम्ल बनते, पाणी फेसाळते, लोखंड झिजू लागते. म्हणून प्रयोगशाळेतील पोऱ्या रात्री-अपरात्री त्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात आल्फा-नॅफ्थॉल व तीव्र गंधकाम्ल घालतो. जांभळे वलय उमटले की ते पाणी तत्काळ बाजूस वळवावयाचे. साखरेच्या कारखान्यात साखर दिसली म्हणून धावाधाव होण्याची एवढीच एक जागा असावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर या सीमेसाठी जी आंदोलने झाली, आयोग बसले, खटले चालले, त्यांची कथा येथे सांगावयाची नाही. तपासनीस आता म्हैसूर सरकारचा आला, प्रमाणपत्रावरील शिक्का बदलला. कायदा मात्र देशभर एकच असल्यामुळे मॅनहोलच्या आत काहीच बदलले नाही. तेथे मराठी फिटर व कानडी खलाशी एकाच दिव्याच्या उजेडात पूर्वीप्रमाणेच पाठ वाकवीत राहिले.

मुसळधार पावसाच्या दिवसांत रिकामा बॉयलर तसाच उघडा ठेवला तर चालू हंगामात झिजला नसेल इतका तो दमट हवेने झिजतो. म्हणून तो पूर्ण सुकवून आत कळीच्या चुन्याने भरलेली तबके ठेवतात व झाकण बंद करतात. चुना हवेतील ओल शोषून फुलतो. फुलला की बदलावयाचा. घराघरांत धान्याच्या कणगीची निगा याच दिवसांत करतात. त्याआधी नळ्या आतबाहेर घासून झालेल्या असतात, पातळ झालेल्या काढून नव्या घातलेल्या असतात, आणि त्यांची तोंडे भोकांत घट्ट फुगवून बसविलेली असतात. भट्टीच्या ढासळलेल्या विटा पुन्हा रचल्या जातात. शेजारचा बॉयलर चालू असेल तर आत माणूस जाण्यापूर्वी मधली वाफेची वाट पुरती तोडावी लागते. नुसती तोटी आवळून भागत नाही. हा नियम ज्यांच्या भाजण्यातून जन्मला त्यांची नावे त्या नियमाखाली नाहीत.

मग तपासनीस येतो, आत शिरतो, ठोकून पाहतो, आणि बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देण्यास सांगतो. ही परीक्षा वाफेने न घेता पाण्याने घेतात, कारण थंड पाणी दाबले तरी प्रसरण पावत नाही. सांधा सुटला तर थोडे पाणी उडेल, माणूस वाचेल.

रेल्वेच्या इंजिनांवरचे हे कसब आता नाहीसे झाले. १९७१ साली कोल्हापूरचा मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरज-लोंढा मार्गावर डिझेल इंजिने आली आणि १९९० च्या दशकात तोही रुंद झाला. बॉयलर धुण्याच्या जागा ओस पडल्या. कारखान्यांतील बॉयलर मात्र वाढले. त्यांचे दाब पूर्वीच्या अनेक पटींनी चढले, आणि त्यांच्या वाफेवर वीजही होऊ लागली. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा आला.

दसऱ्याच्या आगेमागे कारखान्यात ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ असा फलक लागतो. मांडव पडतो, संचालक जमतात, एखाद्या जोडप्याच्या हस्ते पूजा होते, नारळ फुटतो व भट्टीत पहिली काडी पडते. छायाचित्र निघाले की मंडळी पांगतात. फिटर व फायरमन मात्र मागे राहतात. नव्या विटा ओल्या असतात, आग मंदच ठेवावी लागते. मग दिवसेंदिवस थोडी थोडी वाढवीत, दाबाचा काटा चढेल तसतसे प्रत्येक सांध्याशी कान लावीत ते फिरतात. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतो की नाही हे पाहून झाले की मगच मोळी टाकण्याचा मुहूर्त जवळ आला असे समजतात.