दोन पिना आणि एक साखळी

थोरल्या मुलाबरोबर मोरोक्को देशातील मराकेश शहर पाहण्याचा योग मला नुकताच आला. तेथे चित्रकार जाक माजोरेल यांच्या बागेत, त्यांच्या निळ्या चित्रशाळेत, २०११ पासून बर्बर लोकांचे संग्रहालय आहे. बर्बर हे उत्तर आफ्रिकेचे मूळचे रहिवासी, अरब येण्याच्या आधीपासूनचे. हे नाव परक्यांनी दिलेले. ते स्वतःला ‘इमाझिघेन’ म्हणवतात.

तेथील दागिन्यांत एका जोडीपाशी मी थबकले. चांदीचे दोन मोठे त्रिकोण, प्रत्येकाला दाभणासारखी सुई आणि दोहोंना जोडणारी लांब साखळी. मला आधी ती नुसती शोभा वाटली. पण तेथील खेड्यांतील बायकांचे जुने वस्त्र बिनशिवणीचे. ते अंगाभोवती गुंडाळून खांद्यांपाशी या पिनांनी अडकवायचे. पिना काढल्या की वस्त्र गळून पडावे! आपल्या नऊवारीला निदान गाठ तरी असते.

या अलंकारांवर रक्षणाचा भारही असे. पाच बोटांचा पंजा, म्हणजे ‘खम्सा’, दृष्ट लागू नये म्हणून. कुराणातील वचन लिहिलेला कागद चांदीच्या पेटीत घालून गळ्यात बांधीत. आपला ताईतच म्हणा ना. लाल पोवळे हौसेने जडवीत. शेजारच्या अल्जीरियात, काबिली डोंगरातल्या बेनी येन्नी गावांत, निळ्या, हिरव्या, पिवळ्या मीनाकामाची ख्याती.

आणि हे घडविणारे कोण? मोरोक्कोत पुष्कळदा यहुदी सोनार. काही घराणी तेथे फार जुनी, तर काही १४९२ साली स्पेनने यहुद्यांना हाकलल्यावर आलेली. मुसलमान बाईचा ताईत यहुदी कारागिराच्या हातचा, याचे तेथे कोणालाच नवल नव्हते. जुनी नाणी वितळवूनही दागिने होत. ही चांदी बाईची स्वतःची. पाऊस नाही, पीक नाही, की तीच विकून घर निभवायचे. स्त्रीधन म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

१९४८ साली मोरोक्कोत सुमारे अडीच लाख यहुदी होते. पुढच्या वीसएक वर्षांत बहुतेक देश सोडून गेले. तिझनीतसारख्या गावी चांदीचे काम आजही चालते, पण जुन्या पेढ्यांवरचे ते हात गेले. बायकांनाही सोने आवडू लागले, आणि आजीची चांदी वजनावर मोडीत निघाली.

परतताना बाजारात एका दुकानी तशीच एक पिन दिसली. साखळीचा तुकडा लोंबत होता. जोडीची दुसरी कोठे, म्हणून मुलाकडून विचारविले.

“वितळली असेल,” दुकानदार म्हणाला, आणि तागडी पुढे ओढली.