माधापरच्या बायका आणि भूजची धावपट्टी

युद्धाचा इतिहास सांगावयास बसलो की आपल्या तोंडी सेनापतींची नावे येतात, फार तर विमानांची आणि तोफांची. बाँबने पडलेले खड्डे कोणी बुजविले, हे विचारण्याची आपल्याला सवयच नाही. एरंडोलकर श्रोत्यांपुढे आज आम्ही त्या खड्ड्यांविषयीच बोलणार आहोत.

भूज आपल्याला अगदीच परके नव्हे. १९५६ ते १९६० या काळात कच्छ आणि खानदेश एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते. १९७१ च्या डिसेंबरात, ८ तारखेच्या रात्री, पाकिस्तानी विमानांनी भूजच्या विमानतळावर बाँब टाकून धावपट्टी उखडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मूळचे नागपूरचे. डागडुजीला हात पुरेनात, तेव्हा शेजारच्या माधापर गावाला हाक गेली आणि सुमारे ३०० बायका आल्या. एकीने दीड वर्षाचे मूल शेजाऱ्यांपाशी ठेवले होते.

पडझड उपसावयाची, खड्डे भरावयाचे, वर सिमेंटचा गिलावा द्यावयाचा. भोंगा वाजला की सर्वांनी झुडपांत दडावयाचे. तेवढ्यासाठी हिरवी लुगडी नेसावयास सांगितले होते. वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारविली. सारवण म्हणजे बायकांचे घरकाम, त्यात काय सांगण्यासारखे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे! ७२ तासांत पट्टी तयार झाली आणि विमान उडाले.

सरकारने ५०,००० रुपये बक्षीस दिले. ते गावाच्या सभागृहाला लागले. स्मारक मात्र उभे राहिले २०१५ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. तोवर त्यांतल्या कित्येकजणी राहिल्याही नसतील. हा विसर केवळ आपलाच नव्हे. लंडनचा वॉटर्लू पूल दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला, तेव्हा त्यावर पुष्कळ स्त्रिया राबल्या. १९४५ च्या उद्घाटनाच्या भाषणात गौरव झाला तो पुरुषांचा.

भूजच्या दुसऱ्याच वर्षी, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातल्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. ते युद्ध नव्हते, पण घमेले तेच आणि विसरही तोच. ज्यांच्या घरी आई वा आजी त्या कामावर गेली असेल, त्यांनी तिच्यापाशी बसून मजुरी किती मिळे, मूल कोण सांभाळी, हे विचारून टिपून ठेवावे. वहीची चार पाने त्याला पुरतील.