अपरिचित ग्रीक बेटे आणि त्यांच्या शांततेचा इतिहास

१/१५
उन्हाळी सुट्टीसाठी ग्रीसचा विचार करणारे बहुतेक जण सँटोरिनी आणि मिकोनोस या दोन नावांपाशी थांबतात. गर्दी टाळू पाहणारे ‘अपरिचित, सुंदर, शांत’ बेटांचा शोध घेतात. या धाग्यात अशी पाच बेटे पाहू : खिओस, प्सारा, सिरोस, सिमी आणि कास्तेलोरिझो. मात्र निवड करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. ही बेटे शांत आहेत, ती पूर्वीपासूनच तशी होती का?

२/१५
उत्तर नकारार्थी आहे. ही पाचही बेटे एके काळी व्यापाराने, जहाजांनी आणि माणसांनी गजबजलेली होती. त्यांची नावे इस्तंबूलपासून मार्सेपर्यंतच्या बंदरांत ठाऊक होती. ती कशी ओसरली, हे बऱ्याच अंशी तारखांनिशी सांगता येते. पर्यटकाला जी शांतता हवीशी वाटते, तिच्यामागे कुठे तलवार आहे, कुठे वाफेचे इंजिन, तर कुठे नकाशावर ओढलेली एक रेघ.

३/१५
आरंभ खिओसपासून करू, कारण या बेटाची एक वस्तू आपल्याकडेही पोहोचलेली आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी ‘रूमी मस्तकी’ म्हणजे खिओसच्या दक्षिण भागातील झाडांचा डिंक. ‘रूम’ हे पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलखाचे अरबी-फारसी नाव. खिओस आणि समोरचा अनातोलियाचा किनारा प्राचीन आयोनियाचा भाग होते. ‘यवन’ आणि ‘युनानी’ हे शब्द त्याच नावाच्या कुळातले. म्हणजे हे बेट आपल्याला वाटते तितके अनोळखी नाही.

४/१५
मस्तकीचे झाड भूमध्य समुद्राच्या काठी अनेक ठिकाणी वाढते, पण डिंकाचे उत्पादन मुख्यतः दक्षिण खिओसमध्येच होते. ऐन उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी माती पसरतात, सालीला बारीक चिरा देतात आणि टपकलेले थेंब घट्ट होण्याची वाट पाहतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला हे काम प्रत्यक्ष पाहता येते. २०१४ मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

५/१५
१३४६ ते १५६६ या काळात बेटावर जिनोआच्या व्यापाऱ्यांची सत्ता होती. मस्तकीच्या रक्षणासाठी गावांची रचना किल्ल्यासारखी झाली. मेस्ता गावात कडेच्या घरांच्या पाठभिंतीच तटबंदीचे काम करतात आणि आतल्या बोळांत परका माणूस हमखास वाट चुकतो. जवळच्या पिर्गी गावात घरांच्या दर्शनी भिंतींवर गिलावा खरवडून काढलेल्या करड्या-पांढऱ्या भौमितिक नक्षीची रांगच रांग दिसते. पुढे आलेल्या ऑटोमन सत्तेनेही या उत्पन्नाचे मोल ओळखून मस्तकीच्या गावांना विशेष सवलती दिल्या.

६/१५
मग १८२२ साल उजाडले. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात उतरण्यास खिओसचे संपन्न व्यापारी उत्सुक नव्हते. मार्चमध्ये शेजारच्या सामोस बेटावरून आलेल्या तुकडीने येथे उठाव घडवला. एप्रिलमध्ये कारा अली याच्या नेतृत्वाखाली ऑटोमन आरमार येऊन धडकले. त्यानंतरच्या काही महिन्यांत हजारो लोक मारले गेले, हजारोंना गुलाम म्हणून विकले गेले आणि उरलेल्यांपैकी असंख्य लोक मिळेल त्या नावेने परागंदा झाले. मस्तकीची गावे उत्पन्नासाठी प्रथम वगळण्यात आली होती. सूडाच्या पुढच्या लाटेत तीही सुटली नाहीत.

७/१५
या कत्तलीवरचे यूजीन देलाक्रवाचे भव्य चित्र १८२४ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शित झाले. आज ते लूव्र संग्रहालयात आहे. खिओसच्या डोंगरात अकराव्या शतकातला नेआ मोनी हा मठ उभा आहे. त्याची सोनेरी पार्श्वभूमीवरील कुट्टिमचित्रे बायझंटाईन कलेचा उत्कृष्ट नमुना मानली जातात आणि १९९० पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. त्याच मठाच्या आवारात १८२२ मध्ये मारल्या गेलेल्यांच्या कवट्या जपून ठेवल्या आहेत. सौंदर्य आणि संहार यांच्यात इथे काही पावलांचेच अंतर आहे.

८/१५
खिओसच्या वायव्येस प्सारा हे छोटे, खडकाळ बेट आहे. शेतीला जमीन अपुरी, म्हणून येथील लोकांनी जहाजे बांधली. हिद्रा आणि स्पेत्सेस यांच्याबरोबर प्सारा हे ग्रीक क्रांतीच्या आरमाराचा आधार झाले. जून १८२२ मध्ये प्साराचा कॉन्स्टंटिनोस कानारिस याने स्फोटके भरलेले अग्निजहाज थेट कारा अलीच्या नौकेला भिडवले. नौका जळाली आणि कारा अलीही मारला गेला. हाच कानारिस पुढे अनेकदा ग्रीसचा पंतप्रधान झाला.

९/१५
ऑटोमन आरमाराने प्साराला क्षमा केली नाही. १८२४ च्या उन्हाळ्यात बेट उद्ध्वस्त झाले. अखेरच्या रक्षकांनी दारूकोठाराला आग लावून शत्रूसह स्वतःचा अंत केला. आज बेटावर अवघे काहीशे लोक राहतात. खिओसहून बोटीने तेथे जाता येते. किनारे निर्मळ आहेत, वर्दळ जवळजवळ नाही. ती का नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या टेकडीकडे जाणारी पायवाट निराळी भासते.

१०/१५
जे वाचले ते कुठे गेले? त्यांच्यातले बरेच जण सिरोसला गेले. या बेटावरच्या टेकडीवर मध्ययुगापासून कॅथलिक वस्ती होती. तिला फ्रान्सचे संरक्षण असल्यामुळे बेट युद्धात तटस्थ राहू शकले. खाली किनारा मोकळा होता. खिओस, प्सारा आणि अनातोलियातून आलेल्या निर्वासितांनी तेथे झोपड्या घातल्या, मग वखारी, मग गोद्या. या नव्या नगराला त्यांनी व्यापाराचा देव हर्मिस याचे नाव दिले : एर्मूपोली.

११/१५
काही दशकांतच एर्मूपोली हे ग्रीसचे अग्रगण्य बंदर झाले. १८६४ मध्ये तेथे अपोलो नाट्यगृह उघडले. संगमरवरी फरसबंदीच्या चौकात एर्न्स्ट झिलर या वास्तुविशारदाने आखलेली नगरपालिकेची भव्य इमारत उभी राहिली. पण पुढे पिरेयस बंदर वाढले, वाफेवर चालणाऱ्या जहाजांना वाटेत थांबण्याची गरज उरली नाही आणि व्यापार ओसरला. सिरोस मात्र ओस पडले नाही. आजही ते सिक्लाडीस बेटांचे प्रशासकीय केंद्र आहे. म्हणूनच येथे हिवाळ्यातही दुकाने उघडी असतात.

१२/१५
एर्मूपोलीच्या एका चर्चमध्ये मेरीमातेच्या महानिद्रेचे जुने चित्र होते. भाविक त्यापुढे मेणबत्त्या लावत. १९८३ मध्ये त्यावर एक स्वाक्षरी आढळली : दोमेनिकोस थिओतोकोपुलोस, म्हणजेच जग ज्याला एल ग्रेको म्हणून ओळखते तो चित्रकार. क्रीट सोडण्यापूर्वीच्या तरुणपणातले हे त्याचे काम. प्साराच्या निर्वासितांनी ते आपल्यासोबत आणले असावे, असे मानले जाते. घर सोडताना माणसे काय बरोबर घेतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१३/१५
आता आग्नेयेकडे, ऱ्होड्सजवळ जाऊ. सिमीच्या बंदराभोवती पिवळ्या, गेरूच्या आणि निळ्या रंगांची घरे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात. हे वैभव समुद्रतळाच्या स्पंजांनी दिले आणि पाणबुड्यांनी त्याची किंमत चुकवली. नव्या पाणबुडी पोशाखामुळे खोल जाणे सोपे झाले, पण झटपट वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन माणसे पांगळी होत, दगावत. १९०० मध्ये सिमीच्याच पाणबुड्यांना अँटिकिथेराजवळ बुडालेले प्राचीन जहाज सापडले. ग्रहगणित करणारे ते प्रसिद्ध दातेरी यंत्र त्यातलेच. या अवशेषांच्या शोधकार्यात एका पाणबुड्याचा मृत्यू झाला आणि दोघे जायबंदी झाले. ८ मे १९४५ रोजी या प्रदेशातील जर्मन सैन्याने शरणागतीपत्रावर सही केली तीही सिमीवरच.

१४/१५
आणखी पूर्वेला, तुर्की किनाऱ्यापासून जेमतेम २ किलोमीटरवर कास्तेलोरिझो आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे हजारो लोक राहत. त्यांची जहाजे, शेते आणि गिऱ्हाइके समोरच्या अनातोलियात होती. पहिल्या महायुद्धानंतर मधल्या पाण्यात सरहद्द आली आणि बेटाचा पाठीराखा किनाराच परका झाला. पुष्कळ कुटुंबे ऑस्ट्रेलियाला गेली. १९४३ मध्ये जर्मन विमानांनी बेटावर बाँबफेक केली. उरलेल्या रहिवाशांना हलवण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांनी गाझातील निर्वासित छावणीत दिवस काढले. होय, त्या काळी युरोपातले निर्वासित पश्चिम आशियात आश्रय घेत होते. परतणाऱ्यांना घरांच्या जागी जळके ढिगारे दिसले. १९४८ मध्ये बेट ग्रीसला मिळाले, तेव्हा त्याचा मोठा भाग रिकामा होता.

१५/१५
मग निवड कशी करावी? स्थापत्य आवडत असेल तर सिरोस, मध्ययुगीन गावे पाहायची असतील तर खिओस आणि त्याला जोडून प्सारा, सागरी इतिहासासाठी सिमी, सरहद्दीचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर कास्तेलोरिझो. पहिल्या तिन्हींची वाट अथेन्सकडून सोपी, शेवटच्या दोन्हींची ऱ्होड्सकडून. ऐन उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात, म्हणून जून किंवा सप्टेंबर बरा. कास्तेलोरिझोला गेलात तर धक्क्यावर ऑस्ट्रेलियन धाटणीचे इंग्रजी बोलणारी मंडळी भेटतील. ती आजोबांच्या घराचे दार उघडायला आलेली असतात. त्यांच्याशी दोन शब्द अवश्य बोला. तुम्ही ज्या शांततेसाठी तिथे गेलात, ती त्यांच्या घराण्याने गाव सोडल्यामुळे निर्माण झाली आहे.