पालखीच्या वाटेवरचा महाराष्ट्र

मराठी मुलखातल्या नाना जातीजमातींच्या माणसांना आपण एक आहोत असे कधीपासून वाटू लागले, याचा माग काढायचा तर आपण इंदापुरापासून सुरुवात करू. शिवाजी महाराजांचे आजोबा, निजामशाहीचे सरदार मालोजीराजे सतराव्या शतकाच्या आरंभी इथल्याच लढाईत पडले. शहाजी आणि शरीफजी ही त्यांच्या मुलांची नावे म्हणजे नगरच्या शाह शरीफ पीराला केलेल्या नवसाची खूण, असे परंपरा सांगते. माणसाची निष्ठा तेव्हा धन्याशी आणि वतनाशी बांधलेली असे. राष्ट्र ही कल्पना अजून यायची होती.

पण धन्यांच्या लढाया चालू असतानाच माणसांना जोडणारी एक वाटही आखली जात होती. १६८५ साली औरंगजेबाच्या फौजा विजापूरला वेढा घालून बसल्या होत्या. त्याच वर्षी तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला निघाले. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची, म्हणजे ज्ञानोबांची, पालखी वेगळी केली. तिचे अश्व आजही कर्नाटकातल्या अंकलीहून येतात. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. या चालण्याला राष्ट्रीयत्वाचा अर्थ दिला तो न्यायमूर्ती रानड्यांनी. मराठी सत्तेच्या उदयावरच्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी संतांच्या कार्याची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली आणि स्वराज्याचा पाया संतांनी घातला, असे मांडले. मला त्यांचे म्हणणे निम्मे पटते. वारीने माणसे एका वाटेला लावली हे खरेच. पण विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. इरावती कर्वे माउलींच्या पालखीबरोबर चालल्या, तेव्हा एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळ्या पंगतींना बसत. त्याचे दुःख त्यांनी लिहून ठेवले, आणि पंढरीला जाणाऱ्यांचा मुलूख तो महाराष्ट्र, ही ओळखही त्यांनीच सांगितली.

बारामतीहून सणसरला जाताना काटेवाडी लागते. तिथे परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरून धावतात. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. हक्काचा प्रश्न मात्र निराळा राहिला. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून २०१४ च्या जुलैत धनगर समाजाने पदयात्रा काढली, ती पंढरपूरहून निघाली आणि बारामतीला पोचल्यावर तिथे उपोषण सुरू झाले.